हेराची निष्ठा : कोणाशी आणि कशासाठी?

हेरकथा म्हटली की आपल्याकडचा शिकलेला वाचक नाक मुरडतो. रेल्वेच्या फलाटावर विकत घ्यावी, प्रवासात वाचावी आणि उतरताना बाकावर विसरून जावी, अशी ही पुस्तके, असा एक समज आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे नाही. परंतु युद्धकाळावर लिहिलेल्या ऐतिहासिक हेरकथांचा विचार चळवळीतल्या माणसाने गंभीरपणे केला पाहिजे, असे मला वाटते. कारण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : माणसाने निष्ठा कोणाशी ठेवावी? हा प्रश्न आपल्याला परका नाही. तो आपल्या वाडवडिलांना विचारला गेला, आपल्याला विचारला जातो. आणि बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून विचारला जातो.

हेरकथेत दोन पक्ष असतात आणि मध्ये एक माणूस असतो. तो कोणाचा, हे कोडे शेवटपर्यंत ताणले जाते. पण असे कोडे घालण्यापूर्वीच लेखकाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, दोन्ही पक्षांनी त्या माणसाला माणूस म्हणून आधीच मोजलेले आहे. त्याने फक्त निवड करायची आहे. ज्याला कोणत्याच पक्षाने मोजले नाही, त्याच्या निष्ठेचे काय? हा प्रश्न या कथा क्वचितच विचारतात. तो विचारला की सगळी कथा वेगळी दिसू लागते. हे एका जुन्या कादंबरीच्या आणि तिच्याच काळातल्या एका खऱ्या हेराच्या आधारे मी येथे मांडणार आहे.

प्रथम हेराच्या कामाची सामाजिक प्रत काय होती ते पाहू. युरोपातल्या उमरावी सैन्यांनी युद्धाचे जे शिष्टाचार ठरवले, त्यांत सैनिक आणि हेर यांच्यात मोठा भेद होता. गणवेशातला सैनिक पकडला गेला तर तो युद्धकैदी. वेष पालटलेला हेर पकडला गेला तर त्याला फास. सरदाराची अब्रू शाबूत राहावी म्हणून घाणेरडे ठरवलेले काम दुसऱ्या कोणीतरी करायचे. बातमी सर्वांना हवी, बातमी आणणारा कोणालाच पंगतीला नको. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. मेलेले ढोर गावातून उचलले जायला हवे होते. उचलणारा मात्र वेशीच्या आत नको होता. आवश्यक काम आणि विटाळाचे काम ही एकाच कामाची दोन नावे असू शकतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात या शिष्टाचाराची मोठी कसोटी लागली. इंग्रजांचा मेजर जॉन आंद्रे १७८० च्या सप्टेंबरमध्ये साध्या कपड्यांत पकडला गेला. आपल्याला सैनिकासारखी गोळी घालावी, अशी त्याने विनंती केली. वॉशिंग्टनने ती मानली नाही, आणि २ ऑक्टोबर १७८० रोजी आंद्रेला फाशी दिले. तरीही तो कुलीन आणि सुसंस्कृत म्हणून अमेरिकन अधिकाऱ्यांनाही हळहळ वाटली. १८२१ साली त्याच्या अस्थी समुद्रापार नेऊन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये सन्मानाने पुरण्यात आल्या. हेरसुद्धा वरच्या थरातला असेल तर त्याच्या हेरगिरीचा डाग इतिहास धुऊन काढतो, हे यावरून ध्यानात येते.

त्याच १८२१ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला जेम्स फेनिमोर कूपर याची ‘द स्पाय’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. युद्धातल्या हेराला नायक करणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. स्थळ न्यूयॉर्कजवळचा वेस्टचेस्टर हा भाग, काळ १७८० चा. एका बाजूला इंग्रजांच्या ताब्यातले शहर, दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनचे सैन्य आणि मधल्या पट्ट्यात कोणाचेच राज्य नाही. कूपरने त्याला तटस्थ भूमी म्हटले आहे. पण तेथे तटस्थ राहणे कोणालाच शक्य नव्हते. दोन्ही बाजूंच्या नावाने लुटारूंच्या टोळ्या फिरत होत्या. बंडखोरांच्या नावाने लुटणारे ते ‘स्किनर’, इंग्रजांच्या नावाने लुटणारे ते ‘काउबॉय’.

या मधल्या पट्ट्यात व्हार्टन नावाचे सधन कुटुंब राहते. बाप मालमत्ता वाचवण्यासाठी तोंड मिटून आहे. मुलगा हेन्री इंग्रजांच्या सैन्यात कप्तान आहे. थोरली मुलगी राजाची बाजू घेते, धाकटी बंडखोरांची. आणि धाकटीचे ज्याच्यावर प्रेम आहे, तो डनवूडी बंडखोरांच्या सैन्यात मेजर आहे. एका घरात युद्धाच्या दोन्ही फळ्या उभ्या राहाव्यात, अशी ही रचना आहे. ती कूपरला घरबसल्या सुचलेली नव्हती. त्याची पत्नी डिलान्सी घराण्यातली, म्हणजे राजनिष्ठांपैकी होती. त्या घराण्यातल्याच एकाने वेस्टचेस्टरमधल्या ‘काउबॉय’ घोडेस्वारांचे नेतृत्व केले होते. दुभंगलेली निष्ठा कूपरने सासुरवाडीतच पाहिली होती.

परंतु नायक या घरातला नाही. नायक आहे हार्वी बर्च, पाठीवर बोचके घेऊन दारोदार फिरणारा फेरीवाला. सगळे त्याला इंग्रजांचा हेर समजतात. प्रत्यक्षात तो वॉशिंग्टनचा माणूस आहे, आणि हे एकट्या वॉशिंग्टनला ठाऊक आहे. ज्यांच्यासाठी तो राबतो तेच त्याच्या डोक्यावर बक्षीस लावतात. स्किनर त्याची पुंजी लुटतात, त्याचे घर जाळतात. युद्ध संपत आल्यावर वॉशिंग्टन त्याच्यापुढे सोन्याची नाणी ठेवतो. तो घेत नाही. आपण हे पैशासाठी केले नाही, असे सांगतो. मग त्याला एक चिठ्ठी मिळते. पण ती कोणाला दाखवायची नाही. पुढे १८१४ साली, इंग्रजांशी झालेल्या दुसऱ्या युद्धात, म्हातारा बर्च रणात मरून पडलेला सापडतो. त्याच्याजवळच्या पत्र्याच्या डबीत ती चिठ्ठी असते, आणि तेव्हा कुठे जगाला कळते की तो देशद्रोही नव्हता.

कूपरचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सरदार-दरकदारांच्या शौर्यकथा लिहिण्याच्या काळात त्याने एका फेरीवाल्याला नायक केले. देशभक्ती ही वाड्यातल्यांची मिरास नाही, हे त्याने ठसवले. वाचकांनी ही कादंबरी डोक्यावर घेतली, याचेही कारण यातच आहे.

पण आता त्याच कादंबरीतला एक प्रसंग पाहा. हेन्री व्हार्टन वेष पालटून घरच्यांना भेटायला येतो, पकडला जातो आणि हेर ठरवून त्याला फाशीची शिक्षा होते. त्याला सोडवायला बर्च धर्मोपदेशकाच्या वेषात कोठडीत शिरतो. व्हार्टनांच्या घरचा सीझर नावाचा काळा गुलाम त्याच्याबरोबर असतो. बर्च हेन्रीच्या तोंडावर काळा मुखवटा चढवतो, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप घालतो, सीझरचे कपडे त्याला देतो आणि पहारेकऱ्यांच्या देखत त्याला बाहेर काढतो. सीझर त्याच्या जागी कोठडीत बसतो.

या युक्तीचा अर्थ काय? गोरा कप्तान सुटतो, कारण तो काळा गुलाम झाला आहे आणि गुलामाचे तोंड कोणी निरखून पाहत नाही. समाजाने ज्याला न पाहण्याची सवय लावून घेतली आहे, त्याचे रूप हाच सर्वांत पक्का वेष. इतके मोठे सत्य कूपरच्या हातून लिहिले गेले; पण ते त्याला दिसले नाही. त्याच्या लेखी हा गमतीचा प्रसंग आहे. सीझर घाबरतो, चाचरतो, वाचक हसतो. मालकाच्या मुलासाठी हा माणूस फासाच्या सावलीत बसला, त्याच्या मनात काय चालले असेल, त्याला हे युद्ध कोणाचे वाटत असेल, हे लेखक विचारीत नाही. सगळ्या कुटुंबाच्या निष्ठा बारकाईने तोलल्या जातात. सीझरच्या निष्ठेला तराजूच नाही. ती मालकाच्या घरातल्या भांड्याकुंड्यांसारखी गृहीत आहे. कादंबरी निघाली त्या साली खुद्द न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी चालू होती. तेथे ती कायद्याने पूर्णपणे संपली ती १८२७ साली.

कूपरने जे विचारले नाही, त्याचे उत्तर इतिहासात आधीच घडून गेले होते. व्हर्जिनियात विल्यम आर्मिस्टेड नावाच्या मालकाचा जेम्स नावाचा गुलाम होता. १७८१ साली मालकाच्या संमतीने तो बंडखोरांच्या बाजूने लढणाऱ्या लाफायेत या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली गेला. त्याला कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी छावणीत धाडण्यात आले. (हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला.) पळून आलेला एक गुलाम म्हणून छावणीत कोणाला त्याचा संशय आला नाही. साहेब लोक नकाशे मांडून बोलत आणि तो वावरत असे. पुढे इंग्रजांनीच त्याला अमेरिकनांवर हेरगिरी करायला सांगितले. अशा रीतीने तो दुहेरी हेर झाला. पण खऱ्या बातम्या लाफायेतकडे पोचवीत राहिला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसचे सैन्य शरण आले, आणि त्या विजयात या बातम्यांचाही वाटा होता.

देश स्वतंत्र झाला. जेम्स मालकाकडे परत गेला, गुलाम म्हणून. १७८३ साली व्हर्जिनियाने कायदा केला, की जे गुलाम सैनिक म्हणून लढले त्यांना मुक्त करावे. जेम्स त्यात बसला नाही, कारण तो सैनिक नव्हता, हेर होता. सैनिक आणि हेर यांच्यातला तो उमरावी भेद येथे माणसाच्या स्वातंत्र्याच्या आड आला. १७८४ साली लाफायेतने त्याच्या कामगिरीचा दाखला लिहून दिला. विधिमंडळाकडे अर्ज झाले. अखेर १७८७ च्या जानेवारीत तो मुक्त झाला. आणि त्याच्या मालकाला सरकारने त्याची किंमत चुकती केली. ज्याने देश मोकळा करायला हात लावला, त्याला मोकळे करताना देशाने त्याच्या मालकाला भरपाई दिली. जेम्सने पुढे लाफायेत हे आडनाव घेतले. १८१८ साली म्हातारपणी त्याला पुन्हा अर्ज करावा लागला. तेव्हा तातडीची मदत म्हणून ६० डॉलर आणि वर्षाला ४० डॉलर पेन्शन मंजूर झाले.

हार्वी बर्च आणि जेम्स लाफायेत यांना शेजारी शेजारी उभे करा. बर्च मोबदला नाकारतो म्हणून थोर ठरतो. जेम्स मोबदला मागतो. पण काय मागतो? स्वतःचा देह. निष्ठा ही निष्कामच असली पाहिजे, मागितले की ती बाटली, हे सौंदर्यशास्त्र ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे त्याचे आहे. बर्च गरीब आहे, पण तो कोणाच्या मालकीचा नाही. जो दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याला निष्काम सेवेचा उपदेश करणे म्हणजे गुलामगिरीला नीतीचा मुलामा देणे होय. महाराची गावकी आठवा. रात्रीअपरात्री टपाल पोचवणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे, गावाची राखण, शिवेची साक्ष. आणि बदल्यात वतनाचा तुकडा व बलुत्याची भाकर. यालाही गावाशी इमान असेच गोंडस नाव होते. ही सेवा नसून वेठ आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. तेव्हाही हक्क मागणारा हा कृतघ्न ठरवला गेलाच.

आता दुसरी बाजू. जेम्सने बंडखोरांची बाजू घेतली. पण हजारो गुलामांनी नेमके उलट केले. १७७५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा हॅरी नावाचा गुलाम पळून इंग्रजांकडे गेला. १७८३ साली इंग्रज न्यूयॉर्क सोडून गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेल्या सुमारे ३००० काळ्या माणसांची नोंदवही झाली. तीत हॅरी वॉशिंग्टनचे नाव आहे. तो नोव्हा स्कोशियाला गेला, १७९२ साली तेथून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. आणि तेथे इंग्रज कारभाऱ्यांच्या जुलुमाविरुद्ध १८०० साली जे बंड झाले, त्यात सामील झाल्याबद्दल हद्दपार झाला.

हॅरी देशद्रोही आणि जेम्स देशभक्त, असे म्हणता येईल का? दोघांना एकच गोष्ट हवी होती. वॉशिंग्टन स्वातंत्र्यासाठी लढत होता आणि हॅरी वॉशिंग्टनपासून स्वतंत्र होण्यासाठी लढत होता. इंग्रज तरी कोठे दयाळू होते? डनमोरने राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना हातही लावला नाही. आणि यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न सरू लागले, देवीची साथ पसरली, तेव्हा आश्रयाला आलेल्या आजारी काळ्या माणसांना कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तटाबाहेर हाकलले. म्हणजे दोन्ही पक्ष या माणसांना वापरीत होते. दोन निष्ठांमध्ये हृदय दुभंगणे ही व्हार्टन कुटुंबाची शोकांतिका आहे. जेम्स आणि हॅरीची गोष्ट निराळी आहे. त्यांचे मन स्वातंत्र्याच्या ठिकाणी एकच होते. दुभंगलेले होते ते पक्ष, ज्यांनी स्वातंत्र्य हा शब्द उच्चारला आणि माणसे वगळली.

पक्षाचा हेतू आणि माणसाची मुक्ती एक झाली, की हे दुभंगलेपण कसे नाहीसे होते, याचे उदाहरण हॅरिएट टबमन. गुलामगिरीतून स्वतः निसटलेली ही बाई अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यासाठी टेहळणी आणि हेरगिरी करीत होती. २ जून १८६३ रोजी कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात तिने दिलेल्या माहितीवर सातशेहून अधिक गुलाम मोकळे झाले. येथे निष्ठेचा प्रश्नच उरला नाही. मात्र सरकारने तिची आठवण ठेवायला वेळ लावला. १८९९ साली तिचे पेन्शन महिन्याला २० डॉलर झाले, तेही सैनिकाची विधवा म्हणून मिळणाऱ्या रकमेत वाढ करून.

अमेरिकेतल्या गुलामांची ही कथा आपण कशासाठी वाचायची, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच दिले आहे. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी कष्ट घेतले, त्यांना त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. हा धागा आपण नव्याने जोडीत नाही. तो दीडशे वर्षांचा आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या फौजेत लढलेल्या महार सैनिकांबद्दल जेव्हा विचारले जाते, की ते कोणाच्या बाजूने लढले, तेव्हा हॅरी वॉशिंग्टन आठवावा. ज्या राज्यात माणसाच्या सावलीचाही विटाळ होता, त्या राज्याशी त्याने कोणत्या नात्याने इमान राखायचे होते? आणि जेम्सही आठवावा. कारण ज्या इंग्रजांसाठी रक्त सांडले त्यांनीच १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांना लष्कराची दारे बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली तेव्हा. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गांधीजींची भेट झाली, त्या वेळी आपल्याला मायभूमीच नाही असे बाबासाहेब म्हणाले. ते देशावरचा राग म्हणून नव्हे. निष्ठा दोन्ही बाजूंनी असावी लागते, हा हिशेब त्यांनी देशापुढे मांडला.

यापुढचा प्रश्न, ही कथा सांगते कोण, हा आहे. बर्चबद्दल आपल्याला कूपर सांगतो. जेम्सबद्दल आपल्याला कळते ते दाखल्यातून आणि अर्जातून. १८२८ साली जेम्स हीथ या लेखकाने ‘एज-हिल’ या कादंबरीत त्याच्यावरून एक पात्र रचले. तेही गोऱ्याच्याच लेखणीने. हेर स्वतः बोलू लागला तर काय होते, हे अलीकडे व्हिएत थान न्गुयेन यांच्या ‘द सिम्पथायझर’ या २०१५ सालच्या कादंबरीत दिसते. फ्रेंच बाप आणि व्हिएतनामी आई यांचा हा अनौरस मुलगा, दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातला कम्युनिस्ट हेर. सगळी कादंबरी म्हणजे त्याने कैदेत लिहिलेला कबुलीजबाब आहे, आणि तो ज्यांच्यासाठी हेरगिरी करीत होता त्यांनीच त्याला कैद केले आहे. त्याने लिहिलेले त्यांना पटत नाही. पुन्हा लिही, असे सांगितले जाते. आपल्याच पक्षाला आपली साक्ष नको असते, हा अनुभव आत्मकथने लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना नवा नाही. मात्र हा नायक स्वतःलाही सोडत नाही. एका स्त्री-कार्यकर्तीवर अत्याचार होत असताना आपण काही न करता पाहत राहिलो, हे त्याला शेवटी कबूल करावे लागते. शोषितानेही आपल्या मौनाचा हिशेब द्यायचा असतो, ही या कादंबरीची ताकद.

तेव्हा वर्गात किंवा अभ्यासमंडळात अशी एखादी कथा वाचायला घ्याल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. निष्ठेची परीक्षा कोणाची घेतली आहे आणि कोणाची निष्ठा न विचारता गृहीत धरली आहे? ज्याने निष्ठा दिली त्याला युद्धानंतर काय मिळाले? आणि हे सगळे कोणाच्या तोंडून ऐकू येते? एवढे विचारले, तरी रेल्वेत वाचायची हेरकथासुद्धा समाजशास्त्राचे पुस्तक होईल.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत गडकोट आहेत, दरबार आहेत, जासूदही आहेत. पण दोन फौजांच्या मधल्या गावात रात्री टपाल घेऊन निघालेला येसकर अजून कोणी लिहिलेला नाही. त्याला वाटा ठाऊक होत्या, शीव ठाऊक होती, दोन्ही छावण्यांत त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. काठी टेकत, अंधारात शीव ओलांडताना त्याने काय विचार केला असेल? बर्चसारखी पत्र्याची डबी त्याच्याजवळ नव्हती, जेम्ससारखा अर्जही कोणी लिहून दिला नाही. त्याची गोष्ट लिहायची असेल, तर ती आपल्यापैकीच कोणालातरी लिहावी लागेल.